कारणाचा रकाना

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात
औशाच्या बसस्टँडसमोर कुणीतरी माझ्या हातावर पेढा ठेवला.
‘घ्या अण्णा, तिकडं वाळवंटात जमीन हादरवली आपण!’
भर उन्हात गुलाल, पोरं नाचत होती.
मी पेढा धरून उभा.
खवा बोटांना चिकटला,
हात तोंडाकडं जाईना.

जमीन हादरते म्हणजे काय, ते मला विचारा.
त्र्याण्णव साली चार गावांचा सज्जा माझ्याकडं होता.
गणपती बुडवून माणसं निजलेली,
पायांचा चिखलसुद्धा वाळला नव्हता.
पहाटे चारला चार मिनिटं कमी.
माळवदावरची दोन-दोन हात माती,
पणज्यांनी उन्हाळा सोसावा म्हणून घातलेली,
तीच अंगावर आली.

मग पाऊस, आणि छत्रीखाली फॉर्म.
मयताचे नाव. वय. नाते.
मृत्यूचे कारण : नैसर्गिक आपत्ती.
सहाशे एकोणचाळीस वेळा लिहिलं.
शेवटी शेवटी नुसतं ‘नै. आ.’
इंदरबाईची सून सातव्या महिन्यात होती,
आतल्या लेकराला वेगळा नंबर द्यायचा का,
असं गिरदावरसाहेबांना विचारलं,
तर ते उठून तंबूबाहेर गेले.

पण त्या रकान्याचा आधार होता.
लिंबाजी कोतवाल म्हणायचा,
‘भुईला काय ठावं, साहेब, तिच्यावर कोण निजलंय?’
तेवढ्या एका वाक्यावर
आम्ही दोघं कशीबशी भाकरी खायचो.

मन्मथ, माझा थोरला, आता कुठल्याशा खात्यात आहे.
कुठल्या, ते सांगत नाही.
दिवाळीला येतो, फोन आला की गच्चीवर जातो.
या खेपेला मी सरळच विचारलं.
‘बाबा, ते वापरायला नसतंच.
जवळ असलं की वापरावं लागत नाही.’
आणि लागलं तर?
लढाई पेटली, वरून हुकूम आला, तर?
तो ताटातल्या धपाट्याकडं बघत राहिला.
‘तर लढाई लवकर संपते.
दहा जातात, शंभर वाचतात. हिशेब आहे तो.’

हिशेब मलाही येतो, बाळा.
तेहेतीस वर्षं पैसेवारी, फेरफार,
गुंठाभर रान इकडचं तिकडं होऊ दिलं नाही.
पण जे मेले नाहीत
त्यांचा रकाना कुठल्या रजिस्टरात असतो?
कुठल्या चावडीत साक्षीला उभं करणार त्यांना?
गेलेल्यांची नावं मात्र आजही सांगतो,
बापाच्या नावासकट.

‘शेजाऱ्याकडं आहे, बाबा.
आपण काय हात बांधून बसायचं?’
याला उत्तर माझ्याकडं नव्हतं.
अजून नाही. रात्रभर शोधलं,
कूस बदलली, पाणी प्यालो.

पहाटे ट्रंकेतून एक कोरा फॉर्म काढला,
त्या वेळचा, उरलेला, कडा पिवळ्या.
त्याच्यापुढं ठेवला. म्हटलं,
तुमचं कधी झालंच, तर हा कुणीतरी भरेल.
कुणी उरला तर.
नाव, वय, नातं, सापडेल तेवढं.
पण कारणाच्या रकान्यात ‘नै. आ.’ चालणार नाही.
तिथं काय लिहायचं, ते आजच सांगून जा.

बराच वेळ गेला.
‘देशाचं नाव,’ तो म्हणाला.

देशाला अंगठा नसतो, मन्मथ.
पंचनाम्यावर कुणाचातरी लागतो.

सहाच्या गाडीनं तो गेला.
मी परत आलो तर फॉर्म टेबलावर नव्हता.
त्यानं नेला,
का त्याच्या आईनं बंब पेटवायला घेतला,
मी विचारलं नाही.
पाणी मात्र त्या दिवशी लवकर तापलं होतं.